पावलाला पाऊल लावून

खरं सांगायचं तर त्या देवळात मी देवीसाठी गेलेच नव्हते. गेले होते ती तिथल्या फरशीसाठी. पेरुंगुडीत आमच्या इमारतीबाहेरचा फुटपाथ म्हणजे नुसता नावाला. अर्ध्यावर दुचाक्या उभ्या, उरलेल्या अर्ध्यावरून दुचाक्या चाललेल्या. इमारतीच्या व्हरांड्यात चालावं तर प्रत्येक दाराशी चपलांचा ढीग आणि प्रत्येक दारातून एकच प्रश्न, "आता कसं वाटतंय?" गल्लीच्या टोकाला मात्र अम्मन देवीचं लहानसं जुनं देऊळ आहे, आणि गाभाऱ्याभोवतीची दगडी फरशी माणसांच्या पायांनी घासून घासून छान सपाट झाली आहे. फिजिओथेरपीच्या मुलीने बजावलं होतं, अनवाणी चाला आणि सपाट जागी चाला. म्हणून देऊळ. पहिले कितीतरी दिवस मी देवीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मनात रागच होता.

देवीवरचा राग तसा थोडा. बाकी सगळा आमच्या ह्यांच्यावर. बँकेने माझी बदली चेन्नईला केली तेव्हा ह्यांनी कोल्हापूरच्या शाळेतली मास्तरकी मुदतीआधी सोडली आणि एक शब्दही न कुरकुरता माझ्याबरोबर आले. इथे येऊन सहा महिन्यांत भाजीवाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करू लागले. माझी गाडी मात्र आठ-दहा शब्दांपुढे सरकली नाही. एका रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून भाजी घेऊन येत होतो. कुत्रं आडवं आलं, ह्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि स्कूटर आडवी झाली. कुत्रं पळून गेलं. ह्यांच्या कोपराला खरचटलं. माझा उजवा घोटा तीन ठिकाणी मोडला.

ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली, स्क्रू बसले. हाडाचं काय होईल ते डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पण मनाचं काय होईल ते कोणी सांगितलं नाही. हाड जुळत गेलं तसतशी मी बिघडत गेले. जिच्या एका नजरेने शाखेतल्या रांगा सरळ होत, त्या मला न्हाणीघरात जायलाही हाक मारावी लागे. कुकरची शिट्टी झाली तरी रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग यायचा. तो सगळा मी एका शब्दात कोंबला होता: "तुमच्यामुळे." भाचीच्या लग्नाला जाता आलं नाही, तुमच्यामुळे. दूध उतू गेलं, तुमच्यामुळे. हे व्हिडिओ पाहून भाकरी करायला शिकले. पहिल्या पहिल्या भाकऱ्या घरावर कौलं म्हणून घालता आल्या असत्या, आणि तेही मी त्यांना ऐकवलं. उठताना हात द्यायला आले की मी तो झटकायची. "काठी आहे मला."

एकदा तपासणीला गेलो असता नव्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "पडलात कशा?" मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "माझ्यामुळे." वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलासारखे ताठ उभे राहून म्हणाले. मी गप्प बसले. तेव्हा मला बरं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

तीन महिन्यांनी फिजिओथेरपीच्या त्या मुलीने तोल सुधारण्याचा नवा व्यायाम दिला. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवायची, मग दुसऱ्याची पहिल्याला, अशी रेघेवरून चालल्यासारखी वीस पावलं टाकायची. मग थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा वीस. सकाळी साडेसहाला, फरशी तापायच्या आत, मी काठी घेऊन गाभाऱ्याभोवती हे सुरू करायची. हे समोरच्या खांबाला टेकून माझी पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळत बसायचे.

दोन-चार दिवसांतच काहीतरी विचित्र घडू लागलं. मी दिसले की माणसं वाट सोडायची. पुजारी घंटा वाजवता वाजवता माझ्याकडे पाहून मान लववायचे. एका सकाळी शोळिंगनल्लूरच्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवलेली एक मुलगी घाईघाईने आली, वाकली आणि माझ्या पायांना हात लावून पळाली. वीस पावलांनंतर कळ आली की मी भिंतीला हात लावून डोळे मिटत असे. तेव्हा आजूबाजूच्या बायका एकदम आवाज खाली आणत. मला वाटलं, ही माणसं लंगड्यांचा भारीच मान ठेवतात.

उलगडा केला एका मामींनी. सत्तरीच्या असतील, ठेंगण्या, कपाळभर कुंकू. त्या रोज माझ्या पुढे पुढे चालत फरशीवर पडलेली फुलं उचलायच्या, माझा पाय घसरू नये म्हणून. त्या सकाळी मी अर्ध्या फेरीवर थांबले होते. घोटा सुजला होता, आज इथेच पुरे असं ठरवलं होतं. मामी जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अडी प्रदक्षिणम्! यारुक्काग?" कोणासाठी, असं त्या विचारत होत्या. मग मला समजावं म्हणून त्यांनी हातवारे करून, निम्मं तमिळ निम्मं इंग्रजी बोलून सांगितलं. इकडे देवीला नवस बोलला की टाचेला अंगठा लावत, तसूतसूने फेरी घालतात. तिला अडी प्रदक्षिणम् म्हणतात. पायाला एवढी मोठी जखम असताना मी ती घालते आहे, म्हणजे घरातल्या कोणाचं तरी दुखणं तसंच मोठं असणार.

मला हसू आलं आणि घामही फुटला. हा डॉक्टरी व्यायाम आहे, असं सांगायला माझ्याजवळ तमिळ नव्हतं. आणि मामी इतक्या विश्वासाने पाहत होत्या की "कोणासाठी नाही" हे कुठल्याच भाषेत सांगवेना. असलेल्या आठ-दहा शब्दांतला एक तोंडातून निसटला. "वीट्टुक्कारर." घरधनी.

मामींनी "अय्यो" म्हणून गालाला हात लावला. "त्यांना काय झालंय?"

उत्तर शोधायला म्हणून मी ह्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्यांच्या हातातल्या कपाकडे, ताटाकडे, चुकांकडे पाहिलं होतं. हे खांबापाशी माझी पिशवी छातीशी धरून बसले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. डोळे माझ्या घोट्यावर खिळलेले, आणि माझं पाऊल डगमगलं की त्यांचाच खांदा हलत होता. मी मामींना म्हणाले, "मनसु सरियिल्लै." मन ठीक नाही त्यांचं. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी, आणि बाहेर पडलं ते अक्षरशः खरं होतं.

मामींनी सांगितलं, अर्ध्यावर सोडू नकोस, ही फेरी अर्धी ठेवायची नसते. आणि मी काही म्हणायच्या आत त्या थेट ह्यांच्यापाशी गेल्या. लांबून मला फक्त त्यांचे हात दिसत होते: एकदा माझ्याकडे, एकदा गाभाऱ्याकडे, एकदा ह्यांच्या छातीकडे. मग त्यांनी ह्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

आता पळायची सोय नव्हती. धावत जाऊन "अहो, तसं काही नाही" म्हणावं तर पाय धावणारा नव्हता. निम्मी फेरी माझ्या पुढ्यात पसरली होती आणि ती टाचेला अंगठा लावतच संपवायची होती. आयुष्यात इतकी सावकाश मी कधी चालले नसेन. पहिल्या वीस पावलांना शरम वाटली. नंतर कधीतरी मी म्हणायला लागले, आई, ह्यांना बरं कर. पाऊल टेकलं की एकदा. मोजणं सुटलं, थांबणंही सुटलं. शेवटच्या वळणावर घोटा लटपटला आणि हे पुढे आले. त्यांनी हात धरला नाही, नुसता पुढे केला आणि वाट पाहिली. मी काठी भिंतीला टेकवली आणि माझा सगळा भार त्यांच्या हातावर टाकला. उरलेली पावलं तशीच टाकली. गाभाऱ्यासमोर आल्यावर पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. अम्मन आपली नेहमीसारखी, हळद-कुंकवात माखलेली, शांत. तिला काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

पाय सुजला म्हणून गल्लीपुरतीसुद्धा रिक्षा केली. मला राहवेना. म्हटलं, "अहो, ते नवस वगैरे काही नव्हतं. व्यायाम होता तो."

"मला माहीत नाही होय? त्या मुलीने शिकवला तेव्हा मीच तर शेजारी होतो."

"मग मामींना तसं सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो," हे म्हणाले. "पण म्हटलं, विचारल्यावर नाव तर माझंच घेतलंस. ते कशाला खोडून काढू?"

रिक्षा वळली. हे बाहेर बघत, अगदी हळू म्हणाले, "ब्रेक मी जोरात दाबला होता गं."

तेव्हा मी ते सांगितलं, जे मला पडल्या क्षणापासून ठाऊक होतं. रस्त्यावर पडले तेव्हा माझे दोन्ही तळहात वाळूने भरले होते. कोणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्ताभर पसरली होती. त्या वाळूवर कोणाचीही स्कूटर आडवी झाली असती, ब्रेक कितीही हळू दाबला असता तरी. ह्यांना ती दिसली नव्हती. ते माझ्याकडे धावले होते. मी पाहिली होती, आणि इतके महिने बोलले नव्हते.

"वाळू होती," मी म्हटलं. "तुमच्यामुळे नाही झालं."

रिक्षावाल्याने दोनदा "कुठली इमारत?" विचारलं तेव्हा आम्ही भानावर आलो. आमची इमारत मागेच राहिली होती.

आता बरंच बरं आहे. बँकेत जाते, संध्याकाळी घोटा ठणकतो. मामी काही अंतर्धान वगैरे पावल्या नाहीत. देवळामागेच राहतात, गुडघेदुखीने बेजार आहेत आणि मी एखादा दिवस चुकवला तर रागावतात. पुढे मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी त्यांना सगळं कबूल केलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग काय झालं?" तो चमत्कार होता की गैरसमज, या वादात मी पडत नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडून काहीतरी मागणं, अशी माझी समजूत होती. आपण मुठीत दाबून ठेवलेलं सोडून देणं त्याहून अवघड असतं, आणि ते माझ्याने एकटीने झालं नसतं. मी तर अम्मनकडे बघायलाही तयार नव्हते. ह्यांचं मन बरं व्हावं, याचीच मला सर्वांत गरज होती, आणि ते मी कधी मागितलंच नसतं. म्हणून तिने ते आधी माझ्याच तोंडून वदवून घेतलं, आणि मग दिलं.