चार सेकंदांचा बाप

"थांबा ताई. निवडला म्हंजे? पोट्टी का तांदूर होय का, निवडाले?"

डोमाभाऊंनी हेडफोन काढून स्टूलवर ठेवला आणि काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं. एकतिसावा टेक चालू होता. सकाळपासून आम्ही एकाच वाक्यावर अडलो होतो.

"भाऊ, स्क्रिप्टमध्ये तसंच आहे."

"स्क्रिप्टात असन. पन लेकराले कोनी निवडते का? बजारात वांगे निवडतेत."

मला ते पटत होतं. पण पटून उपयोग नव्हता, कारण तो शब्द बदलायची परवानगी मला नव्हती.

मी डबिंग डायरेक्टर आहे. पंधरा वर्षं मुंबईत हेच काम केलं. आता गोंदियात दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. एका खोलीत माइक, दुसरीत मी आणि माझा काँप्युटर, मध्ये काच. भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत. मागे राइस मिल आहे. ती सुरू झाली की आम्ही चहा पितो, बंद झाली की रेकॉर्डिंग करतो. एरवी नाटकांच्या जाहिराती आणि लग्नाची गाणी रेकॉर्ड होतात. पण त्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीने एक ॲनिमेशन फिल्म झाडीबोलीत करून मागितली. आमच्या भागातल्या शाळांमध्ये दाखवायची होती. प्रयोग म्हणून एकच फिल्म. जमली तर पुढच्या, नाही तर मुलं हिंदीत बघतातच की, असा त्यांचा हिशेब. माझ्या गावच्या बोलीत लहान मुलांची फिल्म यापूर्वी मी पाहिलेली नव्हती. ती माझ्या हातून पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

मी अशा कितीतरी फिल्म्सचे बाप डब केले आहेत. त्यांचे प्रकार ठरलेले. पहिला बाप पहिल्या दहा मिनिटांत मरतो आणि पुढे ढगात दिसतो. दुसरा वेंधळा असतो, शिडीवरून पडतो. तिसरा सगळ्याला नाही म्हणतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत माफी मागतो. तिघंही मला आवडतात, पण तिघांपैकी एकाच्याही हातात मी माझं मूल दिलं नसतं.

हा चौथा होता. एक साळिंदर. पुरात वाहून आलेलं सशाचं पिल्लू, ससुली, तो घरी आणतो. अंगभर काटे, त्यामुळे त्याला तिला जवळ घेता येत नाही. पूर्ण फिल्ममध्ये तो तिला एकदाही मिठी मारत नाही. तो कंदमुळं आणतो, चुलीवर भांडं ठेवतो, तिचे कान पुसायला लांब काठीला फडकं बांधतो. चित्र काढणाऱ्याने त्या काठीवर फार जीव लावला होता. फिल्म पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तो सीन चारदा मागे नेऊन पाहिला. काम म्हणून नव्हे.

त्याला आवाज कोण देणार, हे मी तेव्हाच ठरवलं.

डोमाभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांतले खलनायक. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. सुरुवातीला नाटक कंपनीत भात शिजवायचे. एकदा खलनायक आजारी पडला आणि हे कढई सोडून स्टेजवर गेले, ते परत कढईकडे आलेच नाहीत. तीस वर्षं लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. आवाज म्हणजे कोरड्या लाकडासारखा. त्या आवाजाच्या तळाशी काहीतरी मऊ आहे, असं मला नेहमी वाटायचं.

ते मऊ काही बाहेर येईना. पहिल्या दिवशी ते माइकसमोर उभे राहिले आणि "जेवलीस का वं?" असं विचारलं, तर माझ्या स्क्रीनवरच्या सगळ्या रेघा लाल झाल्या. लाल म्हणजे आवाज फाटला. स्टेजवर शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं लागतं. माइक तर नाकासमोर होता.

"भाऊ, हळू."

"हे हळूच होय, ताई."

त्यांच्यासोबत प्रणाली आली होती. त्यांची मुलगी, आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. ती माझ्या शेजारी बसून हसत होती. म्हणाली, "मॅडम, बाबा घरीही असेच ओरडतात. फक्त सायकलवर हळू बोलतात. मी मागं कॅरिअरवर बसायची ना, तेव्हा."

मी भाऊंना खाली बसवलं. माइक त्यांच्या खांद्याच्या मागे लावला आणि म्हटलं, पोरगी मागे बसली आहे असं समजून पुढे बघत बोला. रेघा हिरव्या झाल्या. डबिंगच्या कुठल्याही पुस्तकात माइक असा लावायला सांगितलेला नाही. पण त्यानंतर दोन दिवसांत जवळजवळ सगळी फिल्म झाली.

राहिलं ते हे वाक्य.

सीन असा. ससुली मोठी झाली आहे. तिला कळतं की साळिंदर तिचा जन्मदाता नाही. ती विचारते, "तू त माहा बाप नोहोस. मंग मले काऊन ठेवून घेतलास?" कॅमेरा साळिंदराच्या तोंडावर जातो आणि तो चार सेकंद बोलतो. मूळ भाषेत तो म्हणतो, मी तुला निवडलं, आणि रोज निवडत राहीन.

आता लिप-सिंकबद्दल थोडं सांगते. पडद्यावरचे ओठ आपण बदलू शकत नाही. ते मूळ भाषेप्रमाणे हलतात. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. पडद्यावर ओठ मिटले आणि आपण 'क' म्हटलं, तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते कळत नाही, पण खटकतं. साळिंदराचे ओठ त्या चार सेकंदांत तीनदा मिटत होते. सुरुवातीला मोकळे, मग लागोपाठ दोनदा बंद, मग पुन्हा मोकळे, आणि शेवटी अगदी एकटं, एकदा बंद.

मी जुळवून जुळवून लिहिलं होतं, "तुले मी मनानंच निवडला, बेटा." ओठ बसत होते. बाप काही बसत नव्हता. भाऊंनी ते रागात म्हणून पाहिलं, रडून म्हणून पाहिलं, एकदा गाऊनही पाहिलं. प्रत्येक वेळी ते नाटकातलंच वाटलं.

मागे राइस मिल सुरू झाली. आम्ही चहाला बसलो. त्या दिवशी प्रणाली ड्युटीवर होती, म्हणून मी विचारायचं धाडस केलं. प्रणाली त्यांच्या बायकोची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षांची होती, तेव्हा ती आईचं बोट धरून भाऊंच्या घरी आली.

"भाऊ, प्रणालीने तुम्हाला कधी विचारलं का? मला का सांभाळलं म्हणून?"

त्यांना राग आला. बशी खाली ठेवली.

"सांभाळला म्हंजे? ते का गाय होय? तिची माय आली, तिच्यासंग हे आली. मी गंजात येक मूठ जास्ती टाकली. बस. आनखी का करते मानूस?"

गंज म्हणजे आमच्याकडे भात शिजवायचं पातेलं.

मी कप तसाच ठेवून आत पळाले. सीन लावला, आवाज बंद केला आणि ओठांकडे बघत पुटपुटले. तू आलीस. ओठ मोकळे. मी, मूठ. दोनदा बंद. जास्ती टाकली. मोकळे. बस. एकदा बंद.

फ्रेमला फ्रेम बसलं. आणि साळिंदर तर फिल्मभर चुलीवरच्या भांड्यात मुठीने कंद टाकतच असतो.

मिल थांबली तसं मी भाऊंना बसवलं. कागद दिला नाही. "ती मागे बसली आहे. मघाशी मला सांगितलं ते तिला सांगा."

"तू आलीस. मी येक मूठ जास्ती टाकली. बस."

एका टेकमध्ये झालं. मी दुसरा घेतलाच नाही. एरवी मी सेफ्टी म्हणून एक जादा घेतेच.

संध्याकाळी मुंबईहून श्रुतीमॅडमचा फोन आला. कंपनीत भाषांतराचं सगळं काम त्या बघायच्या.

"ये क्या भेजा है? 'निवडलं' कुठे आहे?"

"मॅडम, ते इथे चालत नाही."

"अहो, ती टॅगलाइन आहे. पोस्टरवर आहे. सगळ्या भाषांत आहे."

"इथे तांदूळ निवडतात."

"आणि मूठ म्हणजे? बापाने एवढंच म्हणायचं? आय लव्ह यू नाही, काही नाही?"

"तेच आहे ते."

मग त्या म्हणाल्या, "दोन्ही व्हर्जन तयार ठेवा. शाळेत दाखवू. मी स्वतः येते. मुलांना कळलं नाही, तर माझं वाक्य जाईल. आणि पुढच्या फिल्मचं मी काही सांगू शकत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांनाही वर कोणाला तरी उत्तर द्यायचं होतं.

केशोरीच्या एका शाळेत दुपारी दाखवायचं ठरलं. भाताची रोवणी आटोपली होती, त्यामुळे काही आईबापही आले. खिडक्यांना सतरंज्या लावल्या. श्रुतीमॅडम नागपूरहून गाडीने आल्या आणि वही घेऊन मागे बसल्या. डोमाभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते, शेजारी प्रणाली. तिने ते वाक्य ऐकलेलं नव्हतं. भाऊंनी तिला सांगितलं नव्हतं, मीही नाही.

पहिल्या गटाला 'निवडला' दाखवलं. काही झालं नाही. कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही. त्याच वेळी दोन पोरं पाणी प्यायला उठली. फिल्म संपल्यावर मॅडमनी विचारलं, "साळिंदर बाबा शेवटी काय म्हणाला?" एक मुलगी म्हणाली, "थँक्यू म्हनला." बाकीच्यांनी मान हलवली.

दुसऱ्या गटाला दुसरं. ससुलीने विचारलं. साळिंदर म्हणाला, तू आलीस, मी येक मूठ जास्ती टाकली. बस.

मुलं हसली. सगळी एकदम.

मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "हँस रहे हैं."

शाळेत खिचडी शिजवणारी बाई दारातून आत डोकावून बघत होती, ती पदराने हात पुसत मोठ्याने म्हणाली, "बरोबर बोलला थो. असाच असते." हसणं थांबलं. पडद्यावर साळिंदर काठीला फडकं बांधून ससुलीचे डोळे पुसत होता. एकही पोरगं पाण्याला उठलं नाही.

फिल्म संपली. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. पूर्ण वर्गाने उत्तर ओरडून दिलं, 'बस'सकट. एका मुलाने हाताची मूठ करून दाखवली.

मॅडमनी वही मिटली. "ठीक आहे. हेच जाईल," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, मला नाही, स्वतःलाच म्हणाल्यासारखं, "माझे बाबा स्टेशनवर सोडायला यायचे तेव्हा फक्त सीट नंबर विचारायचे."

मी दाराकडे पाहिलं. प्रणाली भाऊंच्या समोर उभी होती. डोळे लाल, पण आवाज चढलेला.

"येकच मूठ? मी दोनदा भात घेत होती, बाबा."

"हो नं. मंग दोन मुठी," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मी जवळ नसते तर ऐकू आला नसता. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तिला दिला आणि बाहेर जाऊन सायकलची हवा बघू लागले. हवा चांगली होती. मी येताना पाहिली होती.

फिल्म पुढे आमच्या भागातल्या बऱ्याच शाळांत गेली. इतर भाषांच्या पोस्टरवर 'मी तुला निवडलं' कायम राहिलं. आमच्या पोस्टरवर मॅडमनी काहीच लिहू दिलं नाही, नुसतं साळिंदर आणि काठी. दुसरी फिल्म मिळाली. तिच्यात बाप पहिल्या दहा मिनिटांत मरतो. त्याला काय करणार.

डोमाभाऊ मात्र माझ्यावर नाराज आहेत. यंदाच्या सीझनला ते चाबूक घेऊन स्टेजवर आले की समोर बसलेली पोरं टाळ्या वाजवतात आणि "साळिंदर बाबा" म्हणून हाका मारतात. "माहा धंदा बसवला तुमी," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मागून कुणाचा तरी आवाज येत होता, कोण आहे म्हणून मी विचारलं, तर प्रणालीची लहान मुलगी. तिला फिल्म पुन्हा बघायची होती, आजोबांकडे लिंक नव्हती.

मी लिंक पाठवली.

यातून मी शिकले ते एवढंच. बापाचं वाक्य अडलं की मी आता कलाकाराला "हे तुम्ही कसं म्हणाल?" असं विचारत नाही. "अशा वेळी तुम्ही घरी काय केलं होतं?" असं विचारते. बहुतेकांना आधी राग येतो. राग आला की मी रेकॉर्डिंगचं बटण दाबते.