टाच वर

"हे तुमचं विहार नाही. नीट बस."

सर सगळ्यांसमोर म्हणाले आणि माझ्या पावलाला काठी टोचली. मुलुंडच्या क्लबचा हॉल. मी सोळा वर्षांची. काही पोरी हसल्या. काहींनी खाली बघितलं.

ज्युदोत काता असतो. दोघींनी ठरलेले डाव ठरलेल्या क्रमाने करायचे. कसं उभं राहता, कसं बसता, त्यालाही गुण. एक गुडघा टेकला की मागच्या पायाची बोटं दुमडून टाच वर हवी. माझं पाऊल सपाट पडलं होतं. चूक होती, मान्य. पण समोर माझी जोडीदार ईशाही तशीच बसली होती. तिला सर म्हणाले, बेटा, टाच.

तिला टाच. मला विहार.

देवनारच्या बौद्ध वस्तीतून दोन बस बदलून यायचे मी. घरी बोलले नाही. पप्पांनी क्लासच बंद केला असता. मोरीशेजारच्या लादीवर टाच वर धरून बसायचे. बोटं सुजली. पाय सुधारला, तरी सरांचं तेच. शंभर वर्षांची रीत आहे, म्हणायचे, तुमच्या रक्तात नाही ती.

दोन वर्षांनी प्रात्यक्षिकाच्या तयारीला एक वयस्क परीक्षक बाई आल्या. त्यांनी मोबाईलवर फार जुनी फिल्म दाखवली. जपानी गुरू गुडघ्यावर बसले. मागचं पाऊल सपाट. बाई सहज म्हणाल्या, पूर्वी असंही बसायचे, मग बदललं, पुढेही बदलेल.

माझी कानशिलं तापली. मी उठले.

"सर, टाच चुकली तर टाच म्हणा. विहार पुन्हा म्हणायचं नाही."

सर म्हणाले, माफी माग, नाहीतर प्रात्यक्षिकातून बाहेर. ईशा मान खाली घालून पट्टा बांधत राहिली. मी माफी मागितली नाही. जिन्यात येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

आज देवनारला शाळेच्या हॉलमध्ये पोरींना शिकवते. टाच वर म्हणजे वरच, आजचा नियम तो आहे. तो माणसांनी केलाय, हेही सांगते. पण तेवढ्याने जीव थाऱ्यावर येत नाही. गुण देणाऱ्या टेबलापाशी आमच्यातलं कुणी नाही. परीक्षक व्हायची परीक्षा एकदा दिली, नापास झाले. यंदा पुन्हा देतेय. पुन्हा नापास झाले तर पुन्हा. त्या टेबलाशी खुर्ची घेतल्याशिवाय मी थांबणार नाही.