ताप ओळखणारा माणूस

माझे सासरे एकदा बायकांच्या मोज्यांच्या दुकानात गेले आणि लांब, पातळ, भरपूर ताणले जाणारे मोजे मागितले. दोन डझन. दुकानदारीणबाईंनी विचारलं, "कुणासाठी?"

"दोन पुरुष आणि एक मुलगी," बाबा म्हणाले. "मुलीला जरा आखूड चालतील, तिची मान बारीक आहे."

बाईंनी मोजे बांधून दिले खरे, पण बाबा रस्ता ओलांडून दिसेनासे होईपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत ही हकिकत सासूबाईंच्या कानावर आली. "एवढ्या वर्षांच्या संसारात मला कधी साधा रुमाल आणला नाही," त्या मला म्हणाल्या, "आणि आता मोजे आणताहेत. तेही परक्या पुरुषांना."

त्या मोज्यांत बाबा बर्फाचा चुरा भरत, गाठ मारत आणि शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्यांच्या मानेभोवती, सूटच्या आत ठेवत. बर्फ वितळेल तसं पाणी पाठीवरून झिरपत जाई. हेच त्यांचं काम होतं, गाडीतल्या माणसाला तापू न देणं. बंद गाडी, पायाशी इंजिनाची धग, वरून ऊन, अंगात आग न लागणारा जाड सूट, त्याखाली आणखी एक थर, डोक्यावर हेल्मेट. अशा अवस्थेत माणूस तास दीड तास गाडी पळवतो आणि त्याला खिडकी उघडायचीही सोय नसते. साठीला टेकलेल्या माझ्या सासऱ्यांना या उद्योगात कुणी कसं घेतलं, हे लोक अजून विचारतात.

त्याआधीचं त्यांचं सगळं आयुष्य काचेच्या कारखान्यात गेलं होतं. लांब पोकळ नळीच्या टोकावर वितळलेली काच घ्यायची आणि फुंकून तिला आकार द्यायचा. भट्टीसमोर उभं राहून राहून त्यांच्या हातांवरचे केस जे गेले ते परत आलेच नाहीत. उकाड्याबद्दल घरात कुणी कुरकुर केली की ते नुसते हसत. पण एक गोष्ट सांगताना ते हसले नाहीत. ती त्यांनी मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली.

कारखान्यात त्यांचा एक जोडीदार होता. दोघांनी एकाच भट्टीवर उमेदवारी केलेली. मोठा थट्टेखोर माणूस. एका दुपारी तो म्हणाला, "आज जरा थंडी वाजतेय रे," आणि खुंटीवरचा कोट काढून अंगात घालायला लागला. सगळे हसले, बाबाही हसले. भट्टीसमोर कोट घालणारा माणूस बघून कोण हसणार नाही? बटणं लावता लावता तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

"माणूस आतून तापला की आधी त्याचं बोलणं बिघडतं," बाबा मला म्हणाले. "अंगाला हात नंतर लावायचा, आधी कान लावायचा. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं."

त्यानंतर त्यांच्या भट्टीवर कुणी नेहमीपेक्षा वेगळं बोललं, की बाबा त्याला दंडाला धरून बाहेर सावलीत नेत. लोक चिडत, साहेबाकडे तक्रार करत. बाबांनी कधी ऐकलं नाही. त्यांच्यासमोर पुन्हा कुणी दगावलं नाही.

पुढे कारखाना बंद पडला आणि बाबा घरी बसले. बसले म्हणजे नुसते बसले नाहीत, त्यांनी सासूबाईंच्या नाकी नऊ आणले. भांडी कशी लावावीत, खिडकी किती उघडावी, सगळ्यात त्यांचं मत. माझ्या नवऱ्याचा एसी आणि कूलर दुरुस्तीचा व्यवसाय आहे. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या एका टीमचं काम त्याच्याकडे होतं. सासूबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना कुठेही ने, पण दिवसभर ने." म्हणून बाबा बर्फाच्या लाद्या उतरवायला ट्रॅकवर गेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिलं, की गाडीत बसायच्या आधी ड्रायव्हर पूर्ण सूट घालून उन्हात फोटो काढत उभे आहेत आणि बसताना एका दमात बाटलीभर पाणी पिताहेत. बाबा टीमच्या मॅनेजरकडे गेले. मॅनेजर म्हणजे आडव्या बांध्याचा, सावकाश बोलणारा माणूस. बाबा म्हणाले, "भट्टीवर जायच्या आधी आम्ही अंगाची भट्टी करत नव्हतो. आणि पाणी सकाळपासून घोट घोट पीत होतो."

मॅनेजरने त्यांना नीट न्याहाळलं. "उद्या परत येता का?" एवढंच विचारलं. तेव्हापासून टीममध्ये ते 'भट्टीवाले' झाले.

त्यांना सगळंच येत होतं असं मुळीच नाही. ड्रायव्हर सूटच्या आत एक बनियन घालतात. त्याला बारीक नळ्या शिवलेल्या असतात आणि गाडीतल्या डब्यातलं गार पाणी छोट्या पंपाने त्यांतून फिरत राहतं. हा नळ्यांचा बनियन पाहून बाबा खूश झाले. जितकं गार तितकं बरं, असं म्हणून त्यांनी डबा बर्फाने गच्च भरला. ड्रायव्हर उतरला तो दात वाजवत, आणि मोजलं तर अंगात ताप. टीमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "कातडी फार गारठली की रक्त आत पळतं. मग आतली उष्णता आतच कोंडते."

बाबांनी डब्याचं झाकण काढून आत पाहिलं. "म्हणजे भट्टीचं दार मीच लावलं," ते म्हणाले. त्या दिवसापासून बर्फात पाणी किती घालायचं, ते डॉक्टरीणबाई ठरवत आणि बाबा ते शब्दशः पाळत. उलट डॉक्टरीणबाईंनी त्यांची एक पद्धत उचलली. गाडी पळत असताना ड्रायव्हरशी रेडिओवर बोलता येतं. दर काही फेऱ्यांनी बाबा त्याला शर्यतीशी संबंध नसलेलं काहीतरी विचारत. सकाळी काय खाल्लं, बूट कुठल्या रंगाचे. उत्तर कसं येतं ते दोघं मिळून ऐकत. सुरुवातीला ड्रायव्हर वैतागत. मग सवय झाली.

सगळ्यांत जास्त वैतागायची ती टीममधली मुलगी. तिला सगळे मिरची म्हणत. गाडी चालवायची अप्रतिम, पण रेडिओवर तोंड असं सुटायचं, की ऐकणाऱ्याने कान झाकावेत. पुढच्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय तिने कुणाला मागे टाकलं नाही. बाबांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" तर ती म्हणायची, "तुमचं डोकं. अजून भूक आहे." बाबा समाधानाने मान हलवत.

आता त्या मोठ्या शर्यतीबद्दल सांगते. त्या दिवशी मीही तिथे होते. मोज्यांत बर्फ भरायला हात कमी पडत होते, म्हणून बाबा मला घेऊन गेले होते. लांब पल्ल्याची शर्यत, एका गाडीवर तीन ड्रायव्हर आळीपाळीने. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. दुपारी मिरची गाडीत बसली तेव्हा आमची गाडी पाचवी होती. तिने ती दुसऱ्या नंबरावर आणली. आमच्या पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबून टायर आणि पेट्रोल घेतात त्या जागी, सगळे मॉनिटरला डोळे लावून उभे होते.

तेवढ्यात रेडिओवर तिचा आवाज आला. "मागचा फार जवळ आलाय. जाऊ देते त्याला. बिचारा घाईत दिसतोय."

कुणीतरी हसलं. बाबा खुर्चीतून उठले. "ती त्याला बिचारा म्हणाली," ते म्हणाले.

"शहाणी झाली असेल," मॅनेजर म्हणाला.

बाबांनी रेडिओ घेतला. "मिरची, बनियनमधलं पाणी गार लागतंय का?"

"कसलं पाणी?"

"सकाळी काय खाल्लंस?"

बराच वेळ नुसती खरखर. मग अगदी लहान मुलीच्या आवाजात ती म्हणाली, "उठते गं आई. पाच मिनिटं."

बाबा मॅनेजरकडे वळले. "तिला आत घ्या."

"तिच्या वाट्याच्या फेऱ्या थोड्याच राहिल्यात," मॅनेजर म्हणाला. "आत्ता थांबवलं तर हातचा नंबर जाईल."

"जाईल," बाबा म्हणाले.

मॅनेजरने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या केव्हाच मागे जाऊन पाण्याच्या मोठ्या टबवरचं झाकण काढत होत्या. एक फेरी गेली. मॅनेजरने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बोलवा."

पण बोलवून ती येईना. पिटकडे वळायचा रस्ता आला आणि गाडी सरळ निघून गेली. त्या वेगात, शुद्ध हरपत चाललेली पोर. पुढच्या फेरीत बाबांनी रेडिओ तोंडाशी धरला आणि बोलायला लागले.

"मिरची, बाकी काही करायचं नाही. मी सांगतो तेवढंच. पाय हलका कर. छान. उजवीकडे रहा. आता पांढरी रेघ दिसेल. दिसली?"

"दिसली."

"तिच्या आत ये. आणखी हळू. आणखी. सरळ ये. मी समोर उभा आहे."

त्यांच्या आवाजात जराही घाई नव्हती. हा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. घरी चष्मा सापडला नाही तरी ते सगळी गल्ली गोळा करतात.

गाडी तिरकी येऊन थांबली. तिघांनी मिळून मिरचीला बाहेर ओढलं. हेल्मेट काढलं तर चेहरा लालभडक, आणि नजर आमच्यातून आरपार गेलेली. पंपाची वायर निसटली होती. नळ्यांत अडकलेलं पाणी इतकं तापलं होतं, की तिला थंड करणारा बनियन तिला शेकत होता. डॉक्टरीणबाईंनी सूट कापला आणि तिला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवलं. बाबांनी बाह्यांसकट हात पाण्यात घातले आणि तिचं डोकं वर धरून ठेवलं. मी पाण्यात बर्फ टाकत राहिले. बाबा तिच्याशी बोलत होते. कारखान्यातल्या गोष्टी, सासूबाईंच्या गोष्टी, मोज्यांच्या दुकानाची गोष्ट. तिच्याकडून हूं की चूं नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग तिच्या पापण्या हलल्या. तिने वर पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्हाताऱ्या, गोठवून मारतोस का मला?" त्याला जोडून आणखी दोन शब्द होते, ते मी इथे लिहीत नाही.

"आली," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा कापला.

"निम्मी आली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निम्मी अजून यायचीय. धरून ठेवा." ताप उतरल्यावरच त्यांनी तिला बाहेर काढू दिलं, आणि मग दवाखान्यात नेलं.

आमची गाडी शेवटी सहावी आली. टीममध्ये कुणी त्याचा उल्लेख केला नाही. सगळं आवरून झाल्यावर मॅनेजर बाबांजवळ आला. "मी एक फेरी विचार करण्यात घालवली," तो म्हणाला. "पुढच्या वेळी नाही घालवणार." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात बर्फाने सुजून लाल झाला होता. मॅनेजरने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ चोळत बसला.

मिरची काही दिवसांत घरी गेली. गाडीत मात्र डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावरच बसली, आणि त्यासाठी तिला बरीच वाट पाहावी लागली. मधल्या काळात ती आईला घेऊन आमच्याकडे आली. आई शांत बाई. खुर्चीच्या कडेवर बसली आणि बाबांना म्हणाली, "ही तेव्हा मला हाक मारत होती म्हणे."

"हो. पाच मिनिटं मागत होती."

"रोज मागते," ती माउली म्हणाली. हसायला लागली आणि हसता हसता रडली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला डोळ्यांनी खुणावलं, चहा ठेव.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दुसऱ्या टीमचे लोक बाबांकडे यायला लागले. पंपाला जोडीचा दुसरा पंप कसा लावायचा, ड्रायव्हरशी काय बोलायचं, उन्हाची सवय आधीपासून थोडी थोडी कशी करून घ्यायची, हे विचारायला. बाबा सगळ्यांना सगळं सांगत. आमच्या मॅनेजरने कधी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती सासूबाईंनी.

"आपल्याला हरवायला निघालेल्यांना कशाला शिकवता?"

"त्यांच्या गाडीतही कुणाचं तरी पोरच बसलेलं असतं," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

मागच्या हंगामात सासूबाई पहिल्यांदा ट्रॅकवर आल्या. एवढा गोंगाट, एवढी माणसं. त्या पदर आवळून माझ्याजवळ उभ्या होत्या. समोर बाबा खुर्चीवर बसले होते आणि तीन वेगवेगळ्या टीमच्या रंगांचे शर्ट घातलेली माणसं त्यांच्याभोवती उकिडवी बसून ऐकत होती. दारावरच्या माणसाने सासूबाईंना अडवलं. पास नाही तर आत जाता येणार नाही, कोण तुम्ही, असं विचारलं.

सासूबाईंनी बाबांकडे बोट केलं. "ते बसलेत ना, सगळे ज्यांचं ऐकताहेत," त्या म्हणाल्या, "घरी ते माझं ऐकतात." आणि त्या आत गेल्या.