शिशात टाकलेली तुरटी

फाड्‌कन आवाज झाला आणि माझ्या कडेवरची पोर गप्प झाली. रडली नाही, किंचाळली नाही, गप्पच. मी वेड्यासारखी तिचं तोंड चाचपायला लागले, डोळे, कान, गळा, झबल्याच्या आत हात घालून पाठ, कुठं उडालं, कुठं लागलं, अहो शिसं होतं ते, वितळलेलं शिसं, तापल्या तेलात पाणी पडावं तसं भांड्यातनं उसळून वर आलं. ओपा आडवे आले म्हणून वाचलो. त्यांनी कोपरानं मला पार दाराबाहेर ढकललं आणि ओरडले, "राऊस! राऊस!" बाहेर हो म्हणून. एवढा मोठा आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि पोर तरी गप्पच. मी जिन्यात बसले, तिला हलवलं, पुन्हा हलवलं, म्हणलं बाळा रड गं, रड की. तिला उचकी लागली. मग ती हसली. तिला ते चमचम उडालेलं आवडलं होतं.

मी मात्र रडायला लागले ती थांबेचना.

ओपा म्हणजे आमचे घरमालक. खालच्या मजल्यावर एकटेच राहतात, बायको वारली. इथं जर्मनीत आजोबाला ओपा म्हणतात, मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणते, त्यांनी कधी हरकत घेतली नाही. ह्यांची नोकरी नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात, मशीन दुरुस्तीची, शिफ्टची. मी नववीतनं शाळा सोडलेली, जर्मनचा क्लास पोटात बाळ होतं तेव्हा अर्धाच राहिला. दिवसभर मी आणि पोर. खिडकीतनं द्राक्षाचे मळे दिसतात, माणूस दिसत नाही.

ओपा शिकारी. तरुणपणी आफ्रिकेत जाऊन रेडे मारलेत, तेवढी मोठी रायफल त्यांच्याकडं होती, तिच्या गोळ्या अंगठ्याएवढ्या जाड. आता शिकार नाही, क्लबात जाऊन कागदावर मारतात, पण गोळ्या स्वतःच्या हातानंच ओततात. शनिवारी केलरमध्ये, म्हणजे तळघरात. विजेच्या भांड्यात शिसं वितळवायचं, पळीनं लोखंडी साच्यात ओतायचं, साचा ठोकून उघडायचा, की टॉवेलवर टप्‌कन गोळी पडते. सुरकुतलेली असली तर परत भांड्यात. चांगल्या गोळ्या नंतर पितळी पुंगळ्यांवर बसवायच्या, पण ते वेगळ्या दिवशी. ज्या दिवशी शिसं, त्या दिवशी बंदुकीच्या दारूचं कपाट उघडायचंच नाही, असा त्यांचा नियम. त्याचं लायसन्स भिंतीवर चौकटीत लावलेलं, आपल्याकडं देवाचा फोटो असतो तसं.

पहिल्यांदा मी वासानं खाली उतरले. खरंच सांगते. शिशातली मळी वर यावी म्हणून ते मेणबत्तीचा तुकडा टाकतात, त्याचा भस्सकन धूर होतो, आणि मागं राहतं ते आरशासारखं पांढरं. मी दारातच उभी राहिले. माझे वडील, आबा, कल्हईवाले. सायकलला भाता बांधून गावोगाव फिरायचे, भांडं लाल तापवायचे, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथील, मग कापसाचा बोळा, आणि काळ्या पातेल्यात एकदम चंद्र उगवायचा. मी भाता मारायचे. आबा गेले तेव्हा माझे दिवस भरत आले होते, विमानात घेत नाहीत. फोनवर बघितलं सगळं. फोनमध्ये वास येत नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मी दारात. ओपा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत, खिडकी उघडी, पंखा चालू, आणि वर गेल्यावर हात धू, हे बोटांनी करून दाखवायचे. एकदा चहा घेऊन गेले तर "नाईन, नाईन!" नको नको करून कप उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावला. मला वाटलं माझ्या हातचं चालत नाही. मनात धरून बसले होते. शिशाजवळ पाण्याचा थेंबसुद्धा नको, हे मला तेव्हा कुठं माहीत.

तर त्या आठवड्यात पोर दूध तोंडात घेईना. रात्र रात्र किरकिर. डॉक्टरीण म्हणाली, दात येतायत, अलेस गूट, सगळं छान. आई व्हिडिओवर म्हणाली, "कसले दात, दृष्ट लागलीय. तुरटी ओवाळून निखाऱ्यावर टाक, फुलून आकार येईल, कळेल कुणाची ते."

"आई, निखारा कुठनं आणू? इथं शेगडी काचेची आहे."

"मग काय देश गं तुझा," आई म्हणाली, "साधा विस्तव नाही."

विस्तव नव्हता, पण शनिवार होता. ह्यांची दाढीची तुरटी बाथरूममधनं उचलली, ओलीच. दारात उभं राहून पोरीवरनं ओवाळली. ओपांनी मेण टाकलं, धूर झाला, साचा घ्यायला ते वळले. मला वाटलं, मेण चालतं तर तुरटी का नाही चालणार? दोन पावलं आत गेले. टाकली.

बाकीचं सांगितलंच.

थेंब ओपांच्या हातावर पडले, मनगटापासून कोपरापर्यंत. चर्र आवाजाला वळून पोरीच्या तोंडापुढं त्यांनी तोच हात धरला होता.

हे शिफ्टवरनं आले, ऐकलं, पांढरे पडले. "अगं शिसं ते! बंदुकीची दारू असते त्या घरात! तू लहान आहेस का?" मग खाली जाऊन माफी मागून आले. मग पोरीचं रक्त तपासून आणलं, काही निघालं नाही. रिपोर्ट आला तशी ह्यांनी मला समोर बसवलं. "हिच्या डोक्यावर हात ठेव. परत त्या केलरची पायरी उतरणार नाहीस."

मी ठेवला. मऊ टाळू हाताखाली उडत होती. म्हणलं, नाही उतरणार.

त्यानंतरचे शनिवार केलर बंदच. जिन्यात नुसता साबणाचा वास. पोर दूध प्यायला लागली, दोन दात आले. मी भांडी घासताना स्टीलचं पातेलं नाकाला लावून बघायचे, काही नाही.

मग एका शुक्रवारी ओपा स्वतः वर आले. हाताला पट्टी. दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली माझी तुरटी, फुलून मधाच्या पोळ्यासारखी झालेली, कडेला शिशाचे मणी. माझ्या हातात दिली नाही, दाखवली आणि परत गुंडाळली. "गिफ्टिग," म्हणाले, विषारी. मी पटकन फोटो काढून आईला पाठवला. आईचा लगेच फोन, "बाईचं तोंड आहे बघ. तुझीच लागली. आईची सगळ्यात वाईट लागते." स्पीकरवर होतं. ओपांनी विचारलं, काय म्हणते? मी माझ्याकडं बोट केलं. ते इतके हसले की पट्टीचा हात धरून बसले.

मग हळूहळू, मला कळेल असं, एकेक शब्द बोलले. रायफलचा धक्का आता खांद्याला सोसत नाही. विकली. उद्या उरलेलं शिसं शेवटचं वितळवणार, विटा पाडून भंगारात देणार. ते विजेचं भांडं पण जाणार. "कोम," म्हणाले. ये. "ओने किंड, ओने श्टाईन." पोर नको, दगड, म्हणजे तुरटी, नको.

शनिवारी हे रात्रपाळी करून आलेले, पलंगावर आडवे, पोर त्यांच्या छातीवर, दोघांचीही तोंडं उघडी. मी कपडे घड्या घालत होते. आणि जिन्यातनं वास आला. आधी मेणाचा, मग त्याच्या मागनं तो तापल्या धातूचा, जिभेवर येतो तसला. माझ्या हातातलं झबलं खाली पडलं.

मी दार उघडून पहिल्या पायरीवर आले. खाली केलरचं दार उघडं, उजेड हलतोय, साच्यावर टक टक होतंय. आबा भांडं झाल्यावर असंच दोनदा ठोकायचे. खालनं हाक आली, "ना, कोम्स्ट डू?" येतेस का? मागं खोलीत पोरीनं झोपेत उसासा टाकला, आणि माझ्या तळहाताला तिची टाळू उडताना लागली, खरोखर लागली, जसा हात अजून तिथंच आहे.

उरलेलं शिसं थोडंच होतं, तेवढं संपलं की तो वास कायमचा जाणार. बायांनो, तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?