शेवटच्या नळ्या

भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. काही सांगायचं तर जावेला सांगायचं, ते समोर उभे असले तरी. मी तशीही कमी बोलणारी. मला ती रीत सोयीचीच होती.

नवरा गेल्यावर वावराचा खालचा तुकडा माझ्या वाट्याला आला. विहीर वर, भासऱ्यांच्या तुकड्यात. ठिबक दोघांचं एकच. एका मोठ्या पाईपाला नळ्या फुटलेल्या, आधी त्यांच्या, शेवटी माझ्या. बियाणं दोघांचं तेच, बीटी कपाशीचं. तरी त्यांची पऱ्हाटी हिरवीगार आणि माझी पिवळी पडली.

"तिले सांग," भासरे जावेला म्हणाले, "तिच्या जमिनीत दम नाही. मले वाह्याले देऊन टाक म्हणा."

"एकाच वावराचे दोन तुकडे, बाई. मंग दम मधल्या धुऱ्यावरच काऊन थांबला, इचारा," मी जावेला म्हणाले.

"मी काय तुमचा फोन हाव का दोघायचा?" जाऊ म्हणाली.

भासरे शेण, गूळ, बेसन कालवून ठिबकाला जोडलेल्या खताच्या टाकीत ओतायचे, पिठल्यासारखं. घट्ट तितकं ताकदीचं, असं त्यांचं मत. खत सोडलं होतं तेव्हा मी माझ्या शेवटच्या नळीचं बूच काढलं. ओंजळीत नितळ पाणी आलं. वर जाऊन पाहिलं तर त्यांच्या नळ्यांतून तपकिरी थेंब पडत होते. पातळ पाणी टोकापर्यंत पळत येत होतं. घट्ट खत आधी भेटेल त्या नळीत शिरायचं, माझ्यापर्यंत यायला त्याला जोरच उरायचा नाही.

पुढच्या वेळी मीच आधी गेले. खत लुगड्याच्या फडक्यातून गाळलं, वर भरपूर पाणी घातलं आणि भासऱ्यांच्या नळ्यांचे कॉक बंद केले.

ते आले, टाकीत पाहिलं. "तिले सांग, खताची कढी करून ठेवली."

मी जावेकडे पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि त्यांनाच म्हणाले, "कढी शेवटच्या पंगतीले पुरते, पिठलं नाही पुरत. आधी माह्या नळ्यायले सोडीन, मंग तुमचे कॉक उघडीन. आन तुकडा मी वाह्याले देत नाही."

भासरे सवयीने जावेकडे वळले.

"मले काय पाह्यता? आयकलं ना," ती म्हणाली.

तुकडा अजून मीच वाहते. भासऱ्यांशी तोंडावर बोलते. कोणाला नावं ठेवायची तर ठेवोत.