डांबरगोळीचे डोहाळे

परवा सुनेने विचारलं, "आई, ह्यांच्या वेळेला तुम्हाला कशाचे डोहाळे लागले होते?" मी सवयीने "कैरीचे" म्हणून मोकळी झाले. इतकी वर्षं मी कैरीच सांगत आलेय. कैरी म्हटलं की माणसं हसतात आणि पुढचं काही विचारत नाहीत. पण आता तिलाही दिवस गेलेत, तेव्हा एकदाच खरं लिहून टाकते. मला डांबरगोळीचे डोहाळे लागले होते. खायचे नव्हेत हो, हुंगायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मस्कतजवळ अल हैलला राहत होतो. समुद्र पाच मिनिटांवर, पण चालत जायचं तर हिवाळ्याची वाट बघायची. उन्हाळ्यात तिथे नळाचं थंड पाणी इतकं कढत येतं की लोक गीझर बंद ठेवतात आणि गार पाण्यासाठी गीझरचा नळ सोडतात. अशा देशात आमचे हे लग्नातला लोकरी सूट घेऊन आले होते. माझ्याच वडिलांनी शिवून दिलेला. तो एका पिशवीत, ती पिशवी कपाटात, आणि सुटाच्या चारही खिशांत डांबराच्या गोळ्या.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी कपाट उघडलं आणि तो वास आला. काय सांगू! भाताच्या वाफेने मला उलटी यायची, कांद्याने यायची, ह्यांच्या केसांच्या तेलाने यायची, आणि त्या गोळ्यांच्या वासाने मात्र जीव असा थंडावला की मी सुटाच्या छातीत नाक खुपसून दहा मिनिटं उभी राहिले. मग रोजचंच झालं. जेवण झालं, भांडी झाली, की मी सुटाकडे.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक भाभी राहायच्या. त्या तांदळाची भाकरी घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "काय खावासा वाटतंय गो तुला? सांग, लाजू नको." मी म्हणायची, "काही नाही भाभी." पुरुषाच्या कोटाचा खिसा हुंगावासा वाटतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

एकदा हे ऑफिसातून लवकर आले. मी कपाटात कमरेपर्यंत शिरलेली, हात सुटाच्या आतल्या खिशात.

"काय शोधतेयस?"

"काही नाही."

"त्या खिशात काही नाहीये."

"मी कुठे म्हटलं आहे म्हणून?"

हे आल्या पावली बाहेर गेले. संध्याकाळी गजरा आणला. मस्कतमध्ये गजरा म्हणजे रुवीच्या बाजारात जाऊन गाडी लावायला जागा शोधण्यापासून तयारी! दुसऱ्या दिवशी लवकर घरी. तिसऱ्या दिवशी स्वतःहून सांगितलं की ऑफिसातली ती टायपिस्ट पन्नास वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ह्यांना वाटतंय मी खिशांत चिठ्ठ्या शोधते! आता एखादी सरळ बाई असती तर तिने तिथल्या तिथे खुलासा केला असता. मी उसासा टाकला. उसाशावर गजरे येत राहिले आणि सूट माझ्याकडे राहिला. कसली लबाड होते मी, आता आठवलं तरी हसू येतं.

मी लबाड होते, आणि वर शिकलेली. प्राणिशास्त्रात बी.एस्सी., तेही फर्स्ट क्लास. आठव्या महिन्यात सासूबाई बाळंतपणासाठी आल्या, आळीव, डिंक आणि दोन किलो खारका घेऊन. ओमानला खारका घेऊन आलेली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. आल्या आल्या त्यांनी एका गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर पलंगासमोर टांगलं.

"रोज उठून ह्याच्याकडे बघायचं. आई जे बघते, खाते, हुंगते, ते सगळं बाळाला लागतं."

'हुंगते' म्हटल्यावर मी सावध झाले. डबा उघडून सुके वाटाणे काढले, गुळगुळीत एका ताटलीत, सुरकुतलेले दुसरीत, आणि आनुवंशिकतेवर व्याख्यान सुरू केलं. "आई, सगळं पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. गुणसूत्रं. निम्मी माझी, निम्मी ह्यांची. त्यानंतर मी कॅलेंडर बघितलं काय आणि भिंत बघितली काय, सारखंच."

"म्हणजे माझ्या लेकाचं नाक आलं तर त्यात तुझं काही कर्तृत्व नाही?"

"अजिबात नाही."

"बरं झालं, स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस," म्हणाल्या, आणि संध्याकाळी माझ्या उदाहरणाची उसळ केली.

आता कळतं, तो सिद्धान्त माझ्या किती सोयीचा होता. सगळं आधीच ठरलंय म्हटल्यावर दुपारी कपाट उघडायला कोण अडवणार? विज्ञान माझ्या बाजूला होतं. निदान मी पाठ केलेलं तेवढं तरी.

मुलगा झाला. नाक त्यांचंच. सासूबाईंनी दवाखान्यातच जाहीर करून टाकलं, "नाक आमचं, कान आमचे, कपाळ तर ह्याच्या आजोबांचं उचलून ठेवलंय." मला हनुवटी तेवढी मिळाली, तीही 'मोठेपणी बदलते' या अटीवर. मग त्यांनी पिशवीतून स्वतः शिवलेली दुपटी काढली. जुन्या सुती लुगड्यांची, मऊ, चार घड्यांची. त्यात गुंडाळून बाळ माझ्या हातात दिलं. मी त्याला छातीशी धरलं, त्याच्या मानेशी नाक नेलं, आणि खरं सांगते, स्वर्ग! माझ्या बाळाच्या अंगाला माझ्या आवडीचा वास येत होता. फर्स्ट क्लास प्राणिशास्त्राला एवढंही सुचलं नाही की हा वास बाळाचा असू शकत नाही. सुचलं असेल, तर मी ते सुचू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ पिवळं दिसायला लागलं. तिथे जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त तपासायची पद्धत होती. रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. ओमानी, तरुण, डोक्याला काळा रुमाल, आणि हिंदी आमच्यापेक्षा बरी. म्हणाल्या, "इसके खून में एक चीज कम है. यहाँ बहुत बच्चों में होता है, घबराना नहीं. लेकिन कुछ चीजों से इसका खून टूटता है, फिर पीलिया बढ़ता है. घर में वो सफेद गोली है क्या? कपड़ों में रखते हैं?"

खोलीत आम्ही तिघं: मी, हे आणि सासूबाई.

"नहीं," मी म्हटलं.

"नहीं, नहीं," सासूबाई माझ्याहून घाईने म्हणाल्या. मला वाटलं, सुनेची बाजू घेतली बिचारीने.

"एक जुना सूट आहे," हे म्हणायला लागले, तशी मी कण्हले. बाळंतीण कण्हली की पुरुष बोलायचा थांबतो. हे थांबले.

बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. दिवसभरात दूध पाजायला दोन-तीनदा माझ्याकडे आणलं, तेव्हा प्रत्येक वेळी सासूबाईंनी त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि प्रत्येक वेळी तो वास आला. आता मात्र तो वास आला की मी तोंड फिरवत होते. संध्याकाळी पाचला पुन्हा रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई आल्या त्या उभ्याउभ्याच बोलल्या. आकडा वाढतोय. आणखी दोन तास बघू. चढतच राहिला तर त्याचं रक्त बदलावं लागेल.

सगळं रक्त? सगळं. थोडं थोडं काढून दुसरं घालायचं.

दोन वितींचं माझं पोर. मी पलंगावर उठून बसले आणि हिंदीत बोलायला लागले, कारण डॉक्टरला कळायला हवं होतं, आणि हिंदीत थोडी कमी लाज वाटली. "मैंने झूठ बोला. घर में गोली है. मैं सूँघती थी. रोज. छह महीने."

"क्या सूँघती थी?"

"इनका सूट."

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मराठीत मला विचारतात, "म्हणजे तू चिठ्ठ्या शोधत नव्हतीस?"

"नाही हो!"

"सहा महिने मी गजरे आणतोय!"

कोपऱ्यातली मलयाळी नर्स तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली. मी रडत होते. आणि तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या, बाळाच्या अंगावरचं दुपटं सोडलं आणि डॉक्टरांच्या पुढे धरलं. "डॉक्टर, ये भी. मैंने पेटी में रखे थे, चार महीने. कसर लगता है ना. हर घडी में एक गोली." मग माझ्याकडे वळून मराठीत, "सकाळपासून माझ्या घशात अडकलं होतं गं. तुझ्या आधी मीच बोलायला हवं होतं."

दोघी एकाच खोलीत, एकच पाप पोटात घेऊन, दिवसभर दुसरी आपल्याला वाचवतेय अशा समजात बसलो होतो!

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. दुपटं दोन बोटांत धरून नर्सला दिलं, बाळ पुसून घ्यायला सांगितलं, सासूबाईंच्या पिशवीसकट सगळे कपडे बाहेर. मग माझ्याशेजारी बसल्या.

"माझ्यामुळे झालं ना?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या की रक्तातली ती उणीव बाळाला बहुतेक माझ्याकडूनच आली. मुलग्याला ती आईकडून येते, आणि आईला कधी कधी कळतही नाही. नुसत्या त्या उणिवेनेही काही बाळं पिवळी होतात, गोळ्या नसल्या तरी. आणि गोळ्या कितीही असल्या तरी ज्याच्या रक्तात उणीव नाही, त्याला बहुधा काही झालं नसतं.

"मग निम्मं रक्ताचं, निम्मं गोळ्यांचं?"

"ऐसे आधा-आधा नहीं होता," त्या म्हणाल्या. "चाय में बताओ, दूध का काम कितना और पत्ती का कितना?"

वर्षभर कॉलेजात वाटाणे मोजले, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल त्या दिवशी मी गैरहजर असेन.

दोन तासांनी आकडा आला. वाढला नव्हता. कमीही नव्हता, पण वाढला नव्हता. सासूबाईंनी नर्सच्या हाताचा मुका घेतला. पहाटेच्या तपासणीत तो उतरलेला निघाला.

मधल्या दिवसांत दोन गोष्टी झाल्या. ह्यांनी आणि भाभींनी मिळून घर उपसून काढलं. सूट गच्चीवर वाळत घातला, कपाट पुसलं, गोळ्या दूर फेकून दिल्या. आणि मी चिपळूणला आईला फोन लावला. सगळं ऐकून ती थंडपणे म्हणाली, "तुझा मामा नाही का हळदीसारखा पिवळा जन्मला होता? आजीने त्याला महिनाभर कोवळ्या उन्हात ठेवला होता."

"आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू तर आम्हालाच शिकवत होतीस!"

सासूबाई माझ्या शेजारी कान लावून सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता सुरू होणार: नाक आमचं, पिवळेपणा तुमचा. पण त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि विहिणीला म्हणाल्या, "अहो, मामा आता कसा आहे?" मामा नव्वद किलोचा, बँकेत मॅनेजर, हे ऐकून त्यांनी समाधानाने फोन ठेवला.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या कपाळावर अंगठा दाबून उचलला. दाबलेल्या जागी कातडी क्षणभर कशी दिसते ते बघायचं असतं, पिवळी की नितळ. त्यांनी आम्हालाही दाखवलं: नितळ. "खलास. घर ले जाओ. सुबह खिड़की के पास ऐसे देखते रहना." आणि कोणती औषधं, कोणत्या वस्तू टाळायच्या त्याची यादी असलेलं एक कार्ड दिलं.

ते बघत राहणं सासूबाईंनी इतकं मनावर घेतलं की विचारू नका. रोज सकाळी बाळ खिडकीशी. कपाळ दाब, नाक दाब, छाती दाब. तुलनेसाठी स्वतःचं नाक दाब, माझं दाब, कामावर निघालेल्या ह्यांचं दाब. भाभी भाकरी घेऊन आल्या तर त्यांचंही दाबून बघितलं. बाळ हे सगळं दहा दिवस मुकाट्याने सोसत होतं. अकराव्या दिवशी सासूबाईंचा अंगठा नाकापाशी आला, आणि त्याने जे भोकाड पसरलं! हनुवटीपासून सुरुवात झाली, मग गाल, मग कान, मग टाळूपर्यंत पोर लालबुंद, टोमॅटोसारखं.

"लाल झाला! अगं बघ, कसा लाल झाला!" सासूबाई ओरडल्या.

मी धावत आले. तो किंचाळतोय, आणि आम्ही दोघी त्याच्यावर वाकून हसतोय, हसता हसता रडतोय, आणि दोघींपैकी एकीलाही त्याला उचलून गप्प करायची मुळीच घाई नाही.