साडीचा चौथा तुकडा

बोटीच्या डिझेल टाकीसाठी आज नवा फिल्टर आला, साडेचारशेला. पुसायला माझ्या जुन्या सुती साडीचे चार तुकडे दिले, ते फुकटात.

सकाळी आमच्या ह्यांनी माहीमच्या बंदरात टाकी उघडून गाळ काढला, आतून पुसली. मी तुकडे परत मागितले तर हसले. "डिझेलच्या चिंध्या पन धुनार काय गो तू?" चिंध्यांची पिशवी माझ्या हातात देऊन दुपारी समुद्रात गेले.

आत्ता धुवायला बसले, तर तीनच निघाले. चौथा टाकीत राहिला असेल तर इंजिनाकडे डिझेल नेणाऱ्या नळीचं तोंड बंद होऊन ते भर समुद्रात थांबेल. ह्यांचा फोन लागत नाही.

देवीपुढे दिवा लावलाय. संध्याकाळी निघणाऱ्या बोटवाल्यांनो, वायरलेसवर त्यांना टाकी उघडून बघायला सांगा. बोलणं झालं की इथे ग्रुपवरच लगेच कळवा.